एका वेळी एकच गोष्ट

२ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी कॉम्प्युटरवर पुन्हा ती पाटी आली. ‘नवी आवृत्ती तयार आहे. आता बसवायची की नंतर?’ गेले कित्येक महिने ती येते आणि दारावर आलेल्या विक्रेत्याला घालवावं तशी ही तिला ‘नंतर’ म्हणून घालवते. आज ही बाजारात गेली होती. मी ‘आता’ दाबलं.

ही म्हणजे माझी बायको. आमच्या धंद्यात मी वाजवणारा आणि ही कॉम्प्युटरवर बसणारी. घरातली मागची खोली हाच स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, एक की-बोर्ड, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. मी वाजवतो ते पडद्यावर आडव्या काड्यांसारखं उमटतं, एका सुराची एक काडी. मग ही त्या काड्यांना व्हायोलिनचा नाहीतर बासरीचा आवाज देते, कापते, जोडते. नाटकं, माहितीपट, शाळांचे कार्यक्रम, ज्याला पार्श्वसंगीत हवं त्याला आम्ही ते करून देतो. सध्या नृत्याच्या बाईंचं काम हातात आहे. महिनाअखेरीला त्यांच्या मुली रंगमंचावर नाचणार. तीन तुकडे बाकी आहेत, त्यातला शेवटचा सगळ्यात मोठा.

ही परत आली, पडद्याकडे बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवायचीच विसरली.

‘‘तू दाबलंस?’’

‘‘मीच. किती दिवस ती पाटी बघायची?’’

‘‘मला विचारायचं तरी.’’

चेहरा पांढराफटक. जणू मी घर विकून आलो. मला हसू आलं, पण हिचं तोंड बघून ते गिळलं. नवीन आवृत्ती दिसायला छान आहे, उगाच कुरकुर नको.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कुरकुर करायला जागा आहे. अपडेटने प्रोग्रामची वाट लावली.

पहिल्या तुकड्याची सुरावट सकाळी वाजवली. कानात टिकटिक चालू, त्या टिकटिकीवर मी डोळे मिटून वाजवतो. वाजवताना सगळं ठीक. परत लावून ऐकलं तर सूर टिकटिकीच्या मागे रेंगाळतायत. पडद्यावर ठोक्याच्या उभ्या रेघा असतात. आजवर माझी काडी नेमकी रेघेवर सुरू व्हायची. आज कुठलीच काडी रेघेवर नाही, सगळ्या जरा पुढे सरकलेल्या, म्हणजे उशिरा आलेल्या. चार वेळा वाजवलं. चारही वेळा तेच.

मी हिला म्हटलं, ‘‘बघ, म्हणजे मी वाजवतोय आणि हा शहाणा झोपा काढून मग लिहून घेतोय.’’

ही खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. मग म्हणाली, ‘‘तू जरा फिरून ये. मी सेटिंग बघते.’’ फिरून आलो तर ही पडद्यात नाक खुपसून बसलेली. सगळे मेनू नव्या जागी गेलेत म्हणे. कुठलं सेटिंग शोधतेयस विचारलं, तर ‘‘असंच’’ म्हणाली.

४ फेब्रुवारी, बुधवार

वायर बदलली. उपयोग नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. उपयोग नाही. ही म्हणाली, ‘‘तू वाजव, मी काड्या एकेक करून हाताने रेघेवर सरकवते, कुणाला कळणार आहे?’’

माझं डोकं फिरलं. मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा तीस माणसांत कुणाचा ठेका सुटला तर बाकीचे माझ्याकडे बघायचे. मला ‘घड्याळ’ म्हणायचे, अजून म्हणतात. माझे सूर सरकवायला लागणार असतील तर की-बोर्ड मोडीत घातलेला बरा. असं म्हणालो आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणालो. ही उठून बाहेरच्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने तिथूनच ओरडली, ‘‘दूध जळतंय, तुला वास नाही आला?’’ मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो होतो, पातेल्याच्या शेजारीच उभा होतो. खरंच नाही आला. सर्दीच असणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीच्या मदत-केंद्राला फोन लागला. पलीकडचा माणूस शांत होता, माझ्यासारखे दिवसाला पन्नास ऐकत असणार. त्याने हे कमी करा, ते वाढवा सांगितलं. मी एका दमात सगळं बदलायला निघालो तसा म्हणाला, ‘‘थांबा काका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं. ज्या बदलाने दोष जाईल, दोष तिथे होता.’’

आवडलं. ऑर्केस्ट्रात आवाज खरखरायचा तेव्हा ही पण असंच करायची. आधी माइक, मग वायर, मग स्पीकरचा खोका. तेव्हा ही आवाजाच्या टेबलावर बसायची, आणि मी गाण्यापेक्षा जास्त वेळ तिच्या टेबलाकडे बघायचो. असो.

त्याने सांगितलेलं एकेक बदलून झालं. दोष तिथेच.

नवा सदरा घातला होता, बटणं लावता लावता दमलो. काजं इतकी बारीक केलीत की बटण आत जाईना. शिंप्याला सांगायला हवं. शेवटी हिने लावून दिली, एकही शब्द न बोलता. चिडलेली असली की ही अशी गप्प असते.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज वाईट झालं.

तारीख जवळ आली म्हणून बाई पहिला तुकडा आहे तसाच घेऊन तालमीला गेल्या आणि दुपारी आम्हालाच हॉलवर बोलावलं. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसा, चौदा-पंधरा मुली. संगीत सुरू झालं. पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीत निम्म्या मुलींचे पाय कॉम्प्युटरमधल्या ढोलाबरोबर पडले आणि निम्म्यांचे माझ्या सुराबरोबर. एकीचा धक्का दुसरीला लागला. एक खुदकन हसली. बाईंनी संगीत थांबवलं.

‘‘सर, थोडं मागे पडतंय,’’ त्या हळूच म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, ‘‘अपडेटमुळे झालंय. आम्ही दुरुस्त करतोय.’’ एवढ्या घाईने, की मलाच जरा चमकल्यासारखं झालं.

बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. ‘‘तुमची तब्येत बरी आहे ना सर?’’ लोकांना बोलायला दुसरं काही सुचलं नाही की तब्येत काढतात. मी ठणठणीत आहे म्हणालो आणि हात खिशात घातला. का घातला कोण जाणे.

बाईंनी वीस तारखेपर्यंत वेळ दिलाय. नाहीतर त्या दुसरीकडून करून घेतील. दुसरीकडून म्हणजे कुणाकडून हे मी विचारलं नाही. काम गेल्याचं मला एवढं काही नाही. पण मुली हसल्या ते माझ्या वाजवण्याला. चूक प्रोग्रामची, हे त्यांना कोण सांगणार? मी वाजवणारा माणूस आहे, दुसरं काही मला येत नाही. ते गेलं तर मी या घरात नुसता एक बसलेला माणूस उरेन.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऑर्केस्ट्रातला ड्रमवाला आला. त्याचा की-बोर्ड मागितला होता, तो स्वतःच खांद्यावर टाकून दोन जिने चढून घेऊन आला. या वयात. ‘‘काय घड्याळ, बंद पडलं म्हणे?’’ असं दारातूनच ओरडला. मी म्हटलं, घड्याळ चालू आहे, भिंत पडलीय.

त्याचा की-बोर्ड जोडला. बाकी सगळं तसंच. वाजवलं. परत लावून ऐकलं. तेच.

माझी खात्री होती की ड्रमवाला आता कंपनीला शिव्या देईल. त्याच्या तोंडात त्या कायम तयार असतात. पण तो चहाच्या कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘परत एकदा वाजव. मी नुसता ऐकतो.’’ मी वाजवलं. तो गुडघ्यावर ठेका धरून होता. मध्येच त्याचा हात थांबला.

जाताना खालच्या जिन्यात हिच्याशी बराच वेळ बोलत उभा होता. मी खिडकीतून हाक मारली तेव्हा कुठे निघाला. ही वर आली तेव्हा डोळे लाल होते. जिन्यात धूळ फार असते. त्याचा की-बोर्ड परत करायची त्याला घाई नाही म्हणे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही आज हिने बघितली. वाचली नाही, नुसती उघडी होती म्हणून बघितली. म्हणाली, ‘‘काय मुंग्या काढून ठेवल्यात या! आधीची अक्षरं बघ केवढी असायची तुझी.’’ मी म्हटलं, कागद महाग झालाय. हिला हसू येईल असं वाटलं होतं.

संध्याकाळी काड्या मोठ्या करून नीट बघितल्या. इतके दिवस का बघितल्या नाहीत! खालच्या पट्टीतले सूर, म्हणजे डाव्या हाताचे, सगळे रेघेवर आहेत. अगदी शिस्तीत उभे. फक्त वरचे मागे आहेत, उजव्या हाताचे. आणि ते सगळे सारखेच मागे नाहीत. कुठे जरासे, कुठे बरेच, तुकडा संपत येतो तसे जास्त.

म्हणजे प्रोग्राम खालचे सूर वेळेवर लिहितो आणि वरचे उशिरा? एकाच वायरीतून आलेले? मदत-केंद्राच्या माणसाला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, ‘‘काका, मशीन उशीर करतं तेव्हा सगळ्याला सारखाच करतं.’’

मी म्हटलं, तुमचं मशीन करत नाही. त्याने तक्रार नोंदवून घेतली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

वाजवलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वायर बदलली होती. की-बोर्ड बदलला होता. आवाज बदलून पाहिले होते, टिकटिक बदलून पाहिली होती. कॉम्प्युटरसुद्धा, काल ही तिच्या भाचीचा घेऊन आली, त्यावर मुद्दाम जुनी आवृत्ती बसवली, आज सकाळी त्यावर वाजवलं, तेच.

दुपारी ही जरा आडवी झाली होती. मी मागच्या खोलीत एकटा बसलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. न बदललेली एकच गोष्ट राहिली होती.

वरची सुरावट डाव्या हाताने वाजवली. उजवा मांडीखाली दाबून ठेवला.

डाव्या हाताला ती सुरावट ओळखीची नाही. दोनदा भलत्याच पट्टीवर बोट पडलं. पण परत लावली तेव्हा चुकलेले सूरसुद्धा वेळेवर चुकले होते. पडद्यावर बघितलं. प्रत्येक काडी रेघेवर.

मग खालचा भाग उजव्या हाताने वाजवला. तो आयुष्यभर डाव्याने वाजवलेला, साधा, चार सुरांचा. तो मागे पडला.

परत एकदा केलं. मग बंद केलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

मी हिला सांगितलं. सकाळी, चहा घेताना. ‘‘दोष सापडला,’’ म्हणालो आणि उजवा हात टेबलावर ठेवला. नुसता ठेवला होता, तरी अंगठा हलत होता, शेजारच्या बोटावर घासत. हा कधीपासून हलतोय? मला खरंच माहीत नव्हतं. हिला माहीत होतं. हिने त्यावर आपला हात ठेवला, ठेवायची सवय असल्यासारखा.

मग सांगू लागली. दोन वर्षांपूर्वी एका माहितीपटाचं काम परत आलं होतं. ‘वादक मागे पडतोय’ असा निरोप होता. हिने तो मला सांगितला नाही. प्रोग्राममध्ये एक चौकट असते, त्यात टिक केली की वाजवलेला प्रत्येक सूर आपोआप जवळच्या ठोक्यावर जाऊन बसतो. हिने ती टिक केली. तेव्हापासून मी वाजवायचो कसाही, उमटायचं रेघेवर. मी पडदा बघून खूश व्हायचो. अपडेट आलं की सगळी सेटिंग पुसली जातात हे हिला ठाऊक होतं, म्हणून ती पाटी ‘नंतर, नंतर’ म्हणून घालवत होती. आणि मी ही बाजारात गेल्यावर शहाणपणा केला.

दोन वर्षं. मला राग आला आणि मी तो गिळला नाही. मी म्हणालो, तू मला खेळण्यातला की-बोर्ड दिलास. मी म्हणालो, ड्रमवाल्याला माहीत, बाईंना दिसलं, त्या फोनवरच्या परक्या माणसाला कळलं, आणि ज्याचा हात त्यालाच नाही. बरंच बोललो.

ही ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘‘तू रागावशील याची भीती नव्हती मला. तू थांबशील याची होती.’’

मी विचारलं, ‘‘मग या वेळी ती टिक परत का नाही केलीस? एवढं शोधत होतीस.’’

‘‘सापडली होती. चौथ्याच दिवशी. तू मदत-केंद्राशी बोलत होतास तेव्हा.’’

‘‘मग?’’

‘‘बोट ठेवलं होतं त्यावर. नाही दाबवलं.’’ ही टेबलाकडे बघत होती. ‘‘मला एकटीला फार जड झालं होतं रे.’’

राग गेला असं लिहिणार नाही, तो अजून आहे. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलंय. ही दोन वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून रोज माझा हात बघत होती, बटणं लावत होती, आणि मी तिला चिडकी समजत होतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, वासाचं विचारलं. मग कागद दिला आणि कोणतंही एक वाक्य लिहा म्हणाले. मी लिहिलं, ‘मला वाजवायचं आहे.’ ओळीच्या शेवटी अक्षर इतकं लहान झालं की ‘आहे’ वाचता येईना. डॉक्टर त्याच शब्दाकडे बघत होते.

पार्किन्सन. गोळ्या सुरू. बरा होत नाही, लांबवता येतो. वाजवणं सोडू नका म्हणाले, उलट रोज वाजवा. आणि लिहिताना अक्षर मुद्दाम मोठं काढा.

परतताना फुटपाथवर हिने माझा उजवा हात धरला. तरुणपणी चारचौघांत कधी धरला नव्हता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज दोन ओळी सोडून लिहितोय. मोठं. हिच्या चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं.

मी हिला सांगितलं, ती चौकट तशीच रिकामी ठेव. कामासाठी टिक करू म्हणत होती, आणि तसं केलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मला नको. खालचा भाग मी डाव्या हाताने वाजवला. मग पुन्हा पहिल्यापासून, वरची सुरावटही डाव्याच हाताने. दोन वेळा वेगवेगळं वाजवायचं आणि हिने एकावर एक ठेवायचं. पहिले दोन तुकडे काल-परवा झाले, मोठा आज. एकेका अवघड ओळीला तास-तास जातो. डाव्या हाताला अवघड जागा सोप्या केल्या, काही सूर गाळले. पूर्वीसारखं झालेलं नाही. पूर्वी ती सुरावट धावायची, आता चालते. वाईट वाटलं, खूप वाटलं. मोठ्या तुकड्याच्या मध्यावर मी थांबलो आणि रडलो, हिने टिकटिक बंद करून ठेवली, मग परत चालू केली.

शेवटच्या चार ओळींत टिकटिक नको म्हणालो. तिथे ढोल नाही, नुसती सुरावट आहे. त्या उजव्याने वाजवल्या. तिथे मागेपुढे मोजायला काही नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

हॉलवर तालीम. बाईंना सगळं सांगितलं, मीच सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि मुलींना जागेवर उभं केलं, बरं केलं. मुलींचे पाय एकत्र पडले. शेवटच्या चार ओळींना त्या जरा बुजल्या, मोजायला ठोका सापडेना. बाई म्हणाल्या, ‘‘मोजू नका. सर पुढचा सूर देईपर्यंत थांबा.’’ दुसऱ्या वेळी थांबल्या. हात वर करून पंधरा मुली माझ्या उजव्या हाताची वाट बघत उभ्या होत्या. कुणी हसलं नाही.

घरी आलो तर पडद्यावर पुन्हा पाटी. ‘नवी आवृत्ती तयार आहे.’ आधीच्या आवृत्तीतले दोष दुरुस्त केलेत म्हणे.

ही ‘नंतर’वर बोट नेता नेता थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘दाबू का?’’

‘‘सगळी सेटिंग परत पुसली जातील,’’ मी म्हटलं.

‘‘जातील.’’

‘‘जाऊ दे. आता दोघांना माहीत आहेत.’’

हिने ‘आता’ दाबलं.